दक्षिणेकडची भिंत

माझं लग्न शहात्तर साली झालं आणि मी शिरूरहून दौंडला आले. वस्तीत शिरल्यावर सासरचं घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या लोकांनी घराला काळा रंग दिलाय. विचारायचं धाडस झालं नाही. नव्या नवरीनं घराच्या रंगावर कसं बोलायचं?

रेल्वेची लाइन आमच्यापासून दोनशे पावलांवर होती आणि पलीकडे लोको शेड. दिवसभर इंजिनं पुढं-मागं करायची आणि धूर सोडायची. सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर दुपारी राखाडी व्हायचं. वारा कुठला आहे ते बघून दोरी कुठल्या बाजूला बांधायची, हे सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. त्यांचं नाव भागुबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. माझे यजमान इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते, ते तीन-तीन दिवस गाडीवर असायचे. त्यामुळे घरात बहुतेक वेळा आम्ही तिघंच.

मामा म्हणजे पोपट ओहोळ. शेडमध्ये त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं, इंजिनाचे बॉयलर धुण्याचं. त्याला सगळे वॉशआउट म्हणायचे. ठरावीक दिवसांनी इंजिन शेडमध्ये यायचं, थंड करायचे, त्याची भोकं उघडायचे, आणि मामा जाड पायपाच्या तोंडाला पितळी नळी लावून आत पाण्याचा मारा करायचे. आत साठलेला खार आणि चिखल त्या माऱ्यानं सुटून बाहेर पडायचा. एकदा तरुणपणी तो पाइप त्यांच्या हातून सुटला होता आणि त्यांचे पुढचे दोन दात त्यात गेले होते. चूक माझीच होती, पाय नीट रोवला नव्हता, असं ते स्वतःच सांगायचे. हसले की ती फट दिसायची. पण पाणी कुठं किती जोरानं मारायचं हे दौंडमध्ये आपल्याएवढं कुणाला कळत नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये ते रिटायर झाले. शेडमधल्या लोकांनी हार घातला, एक घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवसापासून मामा अंगणातल्या बाजेवर बसू लागले. एकतीस वर्षं ते अंधारात निघून अंधारात परत येत होते, किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपत होते. आता पहिल्यांदाच त्यांना भर उजेडात आपलं घर दिसलं. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मी चहा देत असताना मला म्हणाले, की आपलं घर लई काळं झालंय.

आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पिवळं हाय त्ये," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आज दिसलं, मला रोज दिसतंय."

मग मला कळलं, की घर अडुसष्ट साली बांधलं तेव्हा वस्तीतलं ते पहिलं गिलाव्याचं घर होतं. बाकीची सगळी मातीची, पत्र्याची. गिलावाही साधा नव्हता. दाणेदार, हाताला खरखरीत लागणारा, आणि त्याच्या वरच्या थरात पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती, कालवलेली. म्हणजे रंग वरून दिलेला नव्हता, गिलाव्याच्या अंगातच होता. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली तेव्हा उन्हात घर असं दिसत होतं, की लाइनीवरचे ड्रायव्हर मान वळवून बघायचे, असं आत्याबाईंनी सांगितलं. मी सहज विचारलं, की हे काम केलं कुणी? त्यावर मामा चहा अर्धा टाकून उठले आणि चपला घालून बाहेर गेले.

आत्याबाईंनी सुपातले ज्वारीतले खडे बाजूला केले आणि हळू आवाजात सांगितलं. गवंडी न्हावऱ्याचा होता, दगडोबा नावाचा. त्या काळात आमच्या वस्तीत काम घ्यायला गवंडी तयार होत नसत. दोघांनी आज येतो उद्या येतो करून टाळलं होतं. दगडोबा मात्र मामांशी एका बोलण्यात तयार झाला. तीन महिने तो आमच्याकडेच जेवला, आत्याबाईंच्या हातचं पाणी प्यायला. मामांचं आणि त्याचं भावासारखं जमलं. पण पहिल्या पावसाळ्यातच दक्षिणेकडच्या भिंतीला तडे गेले. बोटानं वाजवलं की ती भिंत पोकळ वाजायची. मामा भडकले. स्टेशनासमोरच्या चहाच्या हॉटेलात दहा-पंधरा माणसांसमोर ते दगडोबाला म्हणाले, की तू वाळू जास्त घातलीस आणि माझं सिमेंट बाहेर विकलंस. दगडोबानं हातातला कप खाली ठेवला आणि उठून गेला. पुढं दौंडमध्ये त्याला कुणी काम दिलं नाही. तो न्हावऱ्याला परत गेला. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती.

आणखी काहीतरी आत्याबाईंच्या ओठावर आलं होतं असं मला वाटलं, पण त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या.

मामांच्या डोक्यात मात्र घर धुण्याचं पक्कं बसलं. मे महिन्यात भीमेकाठच्या त्यांच्या ओळखीच्या मच्छिंद्र नावाच्या बागायतदाराकडून त्यांनी लिंबाच्या बागेवर औषध फवारायचं इंजिन आणलं. लहानसंच, रॉकेलवर चालणारं, पण दाब चांगला द्यायचं. त्याला दोन चाकं होती आणि गुंडाळलेला जाड पाइप. बैलगाडीतून पाण्याचे तीन बॅरल आले. फवारणीचं तोंड काढून मामांनी तिथं आपल्या जुन्या कामासारखी पितळी नळी बसवली. तिचं भोक इतकं बारीक होतं, की त्यातून पाणी नाही, सळईच बाहेर पडते असं वाटायचं.

सुरुवात उत्तरेकडून केली. इंजिन सुरू झालं, पाइप ताठला आणि पाणी भिंतीवर आदळलं. मी आणि आत्याबाई अंगणात उभ्या होतो. काजळी आधी हलली नाही, मग शाईसारखी ओघळू लागली, आणि तिच्या खालून पिवळा रंग वर आला. हळदीत बोट बुडवून ओढावं तसा एक पट्टा, मग त्याच्या शेजारी दुसरा. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मी ते घर पहिल्यांदा पाहत होते, त्या परत पाहत होत्या. शेजारच्या तानुबाई, जाईबाई कामं टाकून आल्या. त्यातल्या एकीनं म्हटलं, की भागुबाईचं घर न्हायला बसलंय. गटारीतून काळं पाणी वाहत पार रस्त्यापर्यंत गेलं. मामांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. शेडमध्ये ते असेच दिसत असतील.

उत्तर, पूर्व, पश्चिम अशा तीन भिंती त्यांनी दीड दिवसात धुतल्या. गिलाव्याचा एक दाणा हलला नाही.

दक्षिणेची भिंत उंच, तिकडे गच्चीचा कठडा. पाणी वरपर्यंत पोचेना म्हणून मामा शिडीवर चढले. आत्याबाई नको म्हणाल्या. मामा म्हणाले, एकतीस वर्षं पाइप धरलाय. मी इंजिनापाशी उभी होते. त्यांनी खिडकीच्या वरच्या अंगाला पाणी मारलं आणि भिंतीच्या आतून खोकल्यासारखा आवाज आला. परातीएवढा गिलाव्याचा तुकडा सुटून खाली पडला. मामा दचकले, नळीचा रोख बदलला, पाण्यानं त्यांनाच मागं रेटलं आणि शिडी भिंतीवरून घसरली. मी इंजिनाची कळ दाबली. तोवर मामा खाली आले होते. नशीब, की खाली भिजलेली माती होती. उजवं मनगट मुरगळलं, कोपर सोलला, एवढ्यावर निभावलं.

आम्ही दोघी त्यांना उठवायला गेलो, पण ते उठेनात. पडलेला गिलाव्याचा तुकडा त्यांनी डाव्या हातात घेतला आणि मुठीत दाबला. त्याचं पीठ झालं. बोटांतून ते गळत राहिलं. मग त्यांनी पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं. तीच वाळू, तेच सिमेंट, तोच गवंडी, तोच महिना. ती भिंत त्याच पाण्याखाली दगडासारखी उभी राहिली होती.

"पाणी न्हाई मारलं मी," मामा म्हणाले. "दगडोबाला सांगितलं, सात दिस मारलं म्हणून. दोनच दिस मारलं व्हतं."

आम्हाला वाटलं ते भिंतीशीच बोलतायत. गिलावा ताजा असताना त्याला आठवडाभर रोज पाणी पाजावं लागतं, नाहीतर तो वरून सुकतो आणि आतून कच्चा राहतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दक्षिणेची भिंत सगळ्यात शेवटी झाली होती, ऐन मे महिन्यात. आत्याबाई तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला कोरेगाव भीमाला गेल्या होत्या. शेडमध्ये डबल ड्युटी चालू होती. दिवसभर बॉयलरमध्ये हजारो घागरी पाणी ओतणारा माणूस घरी यायचा आणि लांबच्या नळावरून दोन बादल्या आणायचं त्याच्या अंगात राहायचं नाही. उद्या मारू म्हणत तो झोपायचा. दगडोबानं विचारलं तेव्हा लाजेपोटी हो म्हणाला. आणि भिंत तडकल्यावर ती लाज रागाच्या रूपानं बाहेर आली.

मला वाटलं, आत्याबाई आता काहीतरी बोलतील, चिडतील. त्या मामांच्या शेजारी चिखलातच बसल्या.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी कोरेगावास्नं आले तवा पाण्याचा बॅरल कोरडा ठणठणीत व्हता. तळाला कोळ्यानं जाळं केलं व्हतं. मी बोलाया पायजे व्हतं. न्हाई बोलले."

मामांनी मान हलवली. रागाची नव्हे, कळल्याची. नऊ वर्षं एकाच घरात दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती.

तिसऱ्या दिवशी मामा न्हावऱ्याला निघाले. मनगटाला हळद-चुन्याचा लेप आणि फडकं. मला माहेरी जायचंच होतं, शिरूरची एसटी न्हावऱ्यावरून जाते, म्हणून आत्याबाईंनी मला बरोबर धाडलं. चौफुला मागं पडल्यावर मामांनी एकदाच विचारलं, की तो भेटायचंच नाही म्हणाला तर? मी म्हटलं, आपण बसून राहू.

दगडोबा भेटले. गावाबाहेर रस्त्याकडेच्या एका विहिरीच्या कठड्याचं काम करत होते. वाळलेला माणूस, केस पांढरे, हात मात्र अजून रुंद. त्यांनी मामांना ओळखलं आणि थापी खाली ठेवली, पण उठले नाहीत. मामाही बसले नाहीत. मी थोडी मागं थांबले.

मामांनी आधी घर धुतल्याचं सांगितलं, तीन भिंतींचं सांगितलं, चौथीचं सांगितलं. सांगता सांगता अडखळले. दगडोबांनीच विचारलं.

"पाणी किती दिस मारलं व्हतं, पोपटराव?"

"दोन."

दगडोबांनी बोटांवरचा चुना पुसला. "चौथ्या दिवशी मी आलो व्हतो दुपारचा. भितीवर तळवा ठेवला तर चटका बसला. तुम्ही अंगणात शेडचा डगला घालून तसंच पडला व्हता. बुटासकट. मी उठवलं न्हाई."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. "मग हाटेलात का न्हाई बोलला? सगळ्यांम्होरं मला खोटं पाडायचं."

"तुम्ही चोर म्हणला मला," दगडोबा म्हणाले. "चोरानं काय बोलायचं?" मग म्हणाले, "माझंबी चुकलंच की. गिलावा माझा व्हता. त्या दिवशी मीच दोन बादल्या मारल्या असत्या तर काय झिजलो असतो?"

मामा खाली बसले ते तिथल्या वाळूच्या ढिगावरच. त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले. दगडोबांनी कासंडीतलं पाणी त्यांना दिलं आणि मग मला हाक मारून विचारलं, की पोरी, तू यांची सून का? लांब का उभी? त्यानंतर दोघं बराच वेळ विहिरीबद्दल बोलत होते. माझी एसटी आली तेव्हा मी एकटीच चढले. खिडकीतून पाहिलं, तर मामा एका हातानं त्यांना विटा देत होते.

शिरूरहून मी आठ दिवसांनी परतले तेव्हा दगडोबा आमच्याकडे येऊन राहिले होते. त्यांनी घर फिरून पाहिलं होतं, आणि मामांना असं झापलं होतं, की वस्तीतली माणसं लांबून ऐकत होती. बॉयलर लोखंडाचा असतो आणि भिंत वाळूची, एवढं एकतीस वर्षांत कळलं नाही का, असं त्यांचं म्हणणं. पितळी नळी काढून त्यांनी फवारणीचं रुंद तोंड परत बसवलं. पश्चिमेच्या भिंतीवर मामांच्या पाण्याचे ओघळ उमटले होते, तीही पुन्हा धुवायची ठरली.

दगडोबांची रीत वेगळी होती. ते आधी सगळ्या भिंतींवर बोटांची पेरं वाजवत फिरले आणि जिथं पोकळ वाजलं तिथं खडूनं गोल काढला. त्या गोलावर पाणी मारायचं नाही. बारीक तडे सिमेंटनं बुजवून ते आठ दिवस भिजत ठेवले. धुवायच्या दिवशी घरातली लाइट मेनवरून बंद केली, खिडक्यांच्या फटीत गोणपाट कोंबलं, शेळी आणि बघ्यांना रस्त्यापलीकडे पिटाळलं. शिडीला तर त्यांनी हातच लावू दिला नाही. पाइप हातात असेल तर शिडीवर जायचं नाही, म्हणाले, आणि बांबूंची रुंद परांची बांधली. रिठ्याचं आणि सोड्याचं पाणी भिंतीला खालून वर लावत गेले, म्हणजे ओघळाचे डाग पडत नाहीत. काजळी मऊ होईपर्यंत बिडी ओढत बसले. मग काथ्याच्या ब्रशानं हलकं घासून, दोन हात लांब उभं राहून, तिरप्या पाण्यानं वरून खाली धुतलं. ऊन चढायच्या आत काम बंद.

"रेटायचं न्हाई," ते मामांना म्हणाले. "पाण्याला त्याचं काम करू द्यायचं."

मामा मुकाट्यानं इंजिन सांभाळत होते. कुणी मला विचारलं, तर त्या दिवसांत मी त्यांना जेवढं सुखात पाहिलं तेवढं नंतर क्वचितच पाहिलं.

दक्षिणेचा गिलावा मात्र खरवडून काढावा लागला, विटेपर्यंत. नवा करताना पिवडीचा रंग जुन्याशी जुळेना. दगडोबांनी फळीवर सहा वेळा मिश्रण करून पाहिलं. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, की असू द्या, नवी भिंत नवीच दिसू दे. त्या एका भिंतीचा पिवळा रंग आजही थोडा फिकट आहे.

तिला पाणी मारायला मामांनी आम्हाला हात लावू दिला नाही. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ डाव्या हातानं टमरेलानं पाणी मारत राहिले. त्याच दिवसांत एका संध्याकाळी ते दगडोबांना घेऊन स्टेशनासमोरच्या त्या हॉटेलात गेले. मी तिथं नव्हते. यजमान ड्युटीवरून उतरून चहाला गेले होते, त्यांनी मला सांगितलं. शेडची पाळी सुटली होती, बाकडी भरली होती. मामा उभे राहिले आणि म्हणाले, की अडुसष्ट साली मी या माणसाला इथं चोर म्हणालो होतो, ते खोटं होतं, चूक माझी होती. माझे यजमान तेव्हा दाराशीच उभे होते. बापाला असं बोलताना ऐकून त्यांना खाली बघावंसं वाटलं, आणि मग वर बघावंसं वाटलं, असं ते म्हणाले. दगडोबांनी मामांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं आणि चहाची ऑर्डर दिली.

त्या पावसाळ्यानंतर आमच्या वस्तीत आणखी चार घरांचा गिलावा झाला, चारही घरं दगडोबांच्या हातची. ते आमच्याकडेच उतरायचे. आत्याबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि बोंबलाची चटणी त्यांना आवडायची, आणि जेवताना ते मामांच्या पडलेल्या दातांवरून काहीतरी बोलायचेच. एकोणऐंशी साली त्यांना दमा वाढला आणि येणं थांबलं. मग मामा दर पौर्णिमेच्या आसपास शिरूरची एसटी धरून न्हावऱ्याला जायचे. त्यांच्याकडे सांगायला फार काही नसायचं. जाऊन बसायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे.

काजळी पुन्हा बसली, नाही असं नाही. लाइन दोनशे पावलांवर होतीच. पण पुढं कोळशाची इंजिनं हळूहळू कमी झाली, डिझेल आलं, आणि दोरी कुठल्या वाऱ्याला बांधायची हे माझ्या सुनेला शिकवायची मला गरज पडली नाही. आता कधी दुपारी एकटी असले, की मला त्या उन्हाळ्यातलं आमचं अंगण आठवतं. ओल्या गिलाव्याचा वास, फुरफुरणारं ते लहान इंजिन, पदर खोचून उभ्या असलेल्या आत्याबाई, आणि परांचीवर उकिडवे बसून एकाच काडीवर दोन बिड्या पेटवणारे ते दोघं म्हातारे.